लाकडी गोल्फ क्लबला तेल आणि दोरा

जुन्या लाकडी गोल्फ क्लबचं, म्हणजे गोल्फच्या काठीचं, डोकं बहुधा पर्सिमनचं असतं. पर्सिमन म्हणजे आपल्या टेंभुर्णीच्याच कुळातलं लाकूड. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात जुन्या क्लबचं डोकं आकसतं, मानेवरचा, म्हणजे डोकं दांड्याला जोडतं तिथला, दोरा ढिला पडतो. तरी डोकं पाण्यात भिजवू नका. फुगून घट्ट बसेल, पण वाळलं की लाकडाला चीर पडेल. दोरा सोडवा, 240 नंबरच्या पॉलिशपेपरने रेषांच्या दिशेनं घासा. मानेवर बेतानं, तिथं लाकूड पातळ असतं. मग जवसाचं तेल, पण पेंटच्या दुकानातलं डबल बॉइल्ड. घाण्यावरचं कितीतरी दिवस चिकट राहतं. 15 मिनिटांनी जास्तीचं पुसा. तेलकट फडकं चुरगाळून टाकू नका, आपोआप पेटू शकतं, पाण्यात बुडवा. तेल पूर्ण वाळल्यावर मेणाचा दोरा वेढ्याला वेढा भिडवून गुंडाळा. शेवटच्या 6-7 वेढ्यांखाली दोऱ्याचा फास ठेवा, टोक त्यात ओवून आत ओढा. गाठ नको.