फ्लटर ॲपमध्ये फोटो निवडणं आणि क्रॉप करणं: आधीची तयारी

सगळ्यात आधी ठरवायचं ते हे, की फोटो ॲपमध्ये नेमका कुठे आणि केवढा दिसणार. प्रोफाइलच्या गोलात बसवायचा असेल तर क्रॉपचं प्रमाण १:१ पक्कं करून टाका, वापरणाऱ्याला पर्याय देत बसू नका. शेवटची फाइल ५१२ पिक्सेलची पुरते. पण निवडतानाच एवढी छोटी केलीत तर क्रॉपनंतर चेहरा धूसर होईल, म्हणून इमेज पिकरला (फोटो निवडून देणारं फ्लटरचं पॅकेज) कमाल रुंदी-उंची १६००च्या आसपास द्या आणि ५१२ची मर्यादा इमेज क्रॉपरला (फोटो कापणारं पॅकेज) लावा. मर्यादा हवीच, कारण १२ मेगापिक्सेलचा फोटो, म्हणजे ४००० × ३००० पिक्सेल, फाइल म्हणून तीन-चार एमबीचा दिसला तरी मेमरीत उघडल्यावर ४८ एमबी खातो.

मग परवानग्या. आयफोनसाठी इन्फो.प्लिस्टमध्ये, म्हणजे ॲपची माहिती ठेवणाऱ्या फाइलमध्ये, कॅमेरा आणि फोटो लायब्ररी कशासाठी हवी ते लिहावं लागतं. कॅमेऱ्याचं वाक्य राहिलं तर कॅमेरा उघडताच ॲप बंद पडतं. ते वाक्य लोक खरंच वाचतात, तेव्हा ‘प्रोफाइलला फोटो लावण्यासाठी’ इतकं स्पष्ट लिहा आणि ॲप मराठीत असेल तर मराठीतच लिहा. अँड्रॉइडवर उलट काळजी घ्यायची: गरज नसताना परवानगी मागू नका. अँड्रॉइड १३पासून सिस्टिमचा स्वतःचा फोटो पिकर आहे, त्याला गॅलरीची परवानगी लागत नाही. एखाद्या क्यूआर स्कॅनरच्या पॅकेजने मॅनिफेस्टमध्ये (ॲपच्या परवानग्या आणि स्क्रीन नोंदवणारी फाइल) कॅमेऱ्याची परवानगी आणली असेल, तर मात्र ती मिळाल्याशिवाय फोनचं कॅमेरा ॲपही उघडता येत नाही. सगळ्या पॅकेजांचं मिळून एकत्र झालेलं मॅनिफेस्ट एकदा उघडून बघाच.

इमेज क्रॉपर अँड्रॉइडवर यूक्रॉप ही लायब्ररी वापरतो. त्याची ॲक्टिव्हिटी, म्हणजे क्रॉपची स्क्रीन, मॅनिफेस्टमध्ये हाताने नोंदवावी लागते. टार्गेट एसडीके (ॲप अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीसाठी बनवलंय तो आकडा) ३५ असेल तर क्रॉपची वरची पट्टी अँड्रॉइड १५च्या फोनवर तपासा. ती स्टेटस बारखाली गेली तर बरोबरची खूण दाबताच येत नाही.

आता ज्याकडे सर्रास दुर्लक्ष होतं ते. कमी रॅमच्या फोनवर कॅमेरा उघडला की अँड्रॉइड मागचं आपलं ॲप मारून टाकू शकतो. माणूस फोटो काढून परत येतो आणि फोटो गायब! स्वस्त फोनवाल्यालाच हा त्रास होतो आणि तो तक्रार न करता ॲप काढून टाकतो. म्हणून ॲप सुरू होताना इमेज पिकरचं ‘रिट्रीव्ह लॉस्ट डेटा’ हे हरवलेला फोटो परत देणारं फंक्शन बोलवा. डेव्हलपर ऑप्शन्समधलं ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ चालू करून हे स्वतः करून बघा, त्याशिवाय पुढे जाऊ नका.

चाचणीला उभा धरून काढलेला फोटो घ्या. बरेच फोन चित्र आडवंच साठवतात आणि एक्झिफमध्ये (फोटोसोबत साठवलेली माहिती) दिशेची खूण ठेवतात, बहुतेकदा ६, म्हणजे ९० अंश फिरवून दाखवा. सर्व्हरने चित्र न फिरवता ती खूण पुसली की माणूस आडवा पडलेला दिसतो. त्याच एक्झिफमध्ये घराचे अक्षांश-रेखांशही असू शकतात. क्रॉप केल्यावर ते जातीलच असं धरू नका, सर्व्हरवर मुद्दाम काढा. मात्र आधी चित्र सरळ करून.

निवड रद्द केल्यास नल (काहीच नाही) येतो, तेव्हा जुना फोटो तसाच राहू द्या. हाती आलेली फाइल कॅशेमधली, म्हणजे तात्पुरत्या साठ्यातली असते, सिस्टिम ती कधीही पुसू शकते. अपलोड लगेच होणार नसेल तर ती ॲपच्या कायमच्या फोल्डरमध्ये हलवा.