डिजिटल फॉरेन्सिक्स शिकताय? पुराव्याला हात लावण्याआधी या चुका टाळा

डिजिटल फॉरेन्सिक्सला प्रवेश घेतला की पहिली सहामाही बहुतेकांची टूल्स गोळा करण्यात जाते. ऑटोप्सी, एफटीके इमेजर, वायरशार्क, व्होलॅटिलिटी, लॅपटॉपवर सगळं हजर. मग प्रात्यक्षिकाच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले सर विचारतात, "हे तुला कशावरून कळलं?" उत्तर येतं, "सर, टूलने दाखवलं." मार्क तिथेच जातात. पुढे कोर्टात उलटतपासणीला उभं राहायची वेळ आली, तर वकीलही हेच विचारणार, फक्त इतक्या प्रेमाने नाही. खालच्या बहुतेक चुका याच प्रश्नापाशी येऊन अडकतात. काही मात्र खास आपल्या कोकण किनारपट्टीच्या आहेत, त्या पुस्तकात सापडणार नाहीत.

"फक्त बघायला" म्हणून पेनड्राइव्ह लावणे

विंडोजच्या मशीनला पेनड्राइव्ह लावला आणि एकही फाइल उघडली नाही, तरी विंडोज त्यावर लिहून मोकळं होतं. सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन नावाचं लपलेलं फोल्डर तयार होतं आणि आत डब्ल्यूपीसेटिंग्ज डॉट डॅट सारखी फाइल येऊन बसते. आता काढलेला हॅश (डेटावरून काढलेला, बोटाच्या ठशासारखा आकडा) आणि जप्तीच्या वेळी काढलेला हॅश जुळणार नाही. ‘सर, मी काहीच केलं नाही’ हे म्हणणं खरं असतं, पण उपयोगाचं नसतं.

म्हणून मध्ये राइट ब्लॉकर (डिस्क नुसती वाचू देणारं, लिहू न देणारं उपकरण) हवाच. कॉलेजात एकच असेल आणि तो कपाटात कुलुपात असेल तर मागून घ्या, लाजू नका. लिनक्सवर ‘रीड-ओन्ली माउंट केलं (फक्त वाचण्यापुरती डिस्क जोडली) की झालं’ असं समजणारेही फसतात. ईएक्सटी४ फाइलसिस्टिम नीट बंद झालेली नसेल, तर रीड-ओन्ली माउंट करतानाही जर्नल रिप्ले होतो (राहिलेल्या बदलांची नोंद पुन्हा लागू होते), म्हणजे डिस्कवर लिहिलं जातं. ते टाळायला नोलोड हा पर्याय द्यावा लागतो. त्याहून बरं म्हणजे मूळ डिस्क माउंटच करू नये. डिस्कची हुबेहूब नक्कल, म्हणजे इमेज, काढावी आणि काम इमेजच्या प्रतीवर करावं.

हॅश जुळवताना पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं बघून टिक करायची सवय मोडा. एसएचए-२५६ चा हॅश ६४ अक्षरांचा असतो, तुलना मशीनकडून करून घ्या. एमडी५ आणि एसएचए-१ या हॅश काढायच्या जुन्या पद्धती, नुसत्या त्यांच्यावर विसंबू नका. मुद्दाम घडवलेल्या दोन वेगळ्या फाइल्सचा एसएचए-१ सारखाच येऊ शकतो, हे २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने करून दाखवलं आहे.

इमेजिंग चालू आणि लाइट गेली

ही आपली खास अडचण. एक टीबीची हार्डडिस्क सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने वाचली तरी पावणेतीन तास लागतात, जुनी डिस्क असेल तर आणखी. जून ते सप्टेंबर कोकणात सलग पावणेतीन तास लाइट राहील यावर पैज लावणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. यूपीएस नसताना इमेजिंग सुरू करू नका, आणि यूपीएसची बॅटरी खरंच किती वेळ ओढते ते आधी तपासा. लॅपटॉपला बॅटरी आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांना आठवण: बाहेरची साडेतीन इंची डिस्क लॅपटॉपच्या बॅटरीवर चालत नाही, तिचा ॲडॉप्टर वेगळा.

मध्येच तुटलं तर? अर्धवट इमेज फेकून देऊन गुपचूप नव्याने सुरू करू नका. किती वाजता तुटलं, का तुटलं, नव्याने कधी सुरू केलं, हे नोंदवहीत लिहा. जीएनयू डीडीरेस्क्यू वापरत असाल तर मॅपफाइल (कुठपर्यंत वाचून झालं त्याची नोंद) ठेवा, काम जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं.

वेळेचा घोळ

सगळ्यात जास्त अहवाल इथे पडतात, म्हणून जरा थांबून बघू.

क्रोमच्या हिस्टरीच्या डेटाबेसमध्ये समजा १३३४४४७३६०००००००० हा आकडा दिसला. हे १ जानेवारी १६०१ पासूनचे मायक्रोसेकंद आहेत, तेही यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत. एका गटाने कन्व्हर्टरमध्ये टाकून लिहिलं: १४ नोव्हेंबर २०२३, रात्री १०:१३:२०. दुसऱ्या गटाने लिहिलं: १५ नोव्हेंबर २०२३, पहाटे ३:४३:२०. दोघांचंही गणित बरोबर. पहिली वेळ यूटीसी, दुसरी भारतीय, फरक साडेपाच तासांचा. पण वेळेपुढे काहीच न लिहिल्यामुळे मंगळवारची रात्र आणि बुधवारची पहाट अशा दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. दिवाळीचे दिवस, घर पाहुण्यांनी भरलेलं. रात्री दहाला लॅपटॉपवर कोणीही बसलेलं असू शकतं, पहाटे पावणेचारला कोण जागं होतं हा वेगळा तपास होतो. प्रत्येक वेळेपुढे यूटीसी किंवा आयएसटी लिहाच. सगळी टाइमलाइन यूटीसीत ठेवून शेवटच्या तक्त्यात भारतीय वेळेचा वेगळा रकाना करणं मला सोयीचं वाटतं.

पेनड्राइव्हची गंमत निराळी. विंडोजची एनटीएफएस फाइलसिस्टिम वेळ यूटीसीत ठेवते, पण पेनड्राइव्हवर दिसणाऱ्या फॅट३२ मध्ये मशीनची स्थानिक वेळ जशीच्या तशी लिहिली जाते, आणि बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्याने. फॅटच्या वेळेत तुम्ही पुन्हा साडेपाच तास मिळवलेत की झालाच गोंधळ.

आणि सीसीटीव्ही. होमस्टेच्या किंवा दुकानाच्या डीव्हीआरचं (फुटेज साठवणाऱ्या रेकॉर्डरचं) घड्याळ बरोबर आहे असं कधीही गृहीत धरू नका. आतली छोटी बॅटरी मेलेली असते, लाइट गेली की घड्याळ मागे जाऊन बसतं आणि इंटरनेट नसल्याने स्वतःहून सुधारत नाही. फुटेज कॉपी करण्याआधी डीव्हीआरच्या स्क्रीनवरची वेळ आणि मोबाइलवरची वेळ एकाच फोटोत घ्या. फरक अमुक तास, तमुक मिनिटं, असा अहवालात लिहा. डीव्हीआरचं घड्याळ स्वतः ‘दुरुस्त’ करून ठेवणारा विद्यार्थी पुरावाच बदलतो.

दिसलं त्यापेक्षा जास्त बोलणे

विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग्जच्या साठ्यात) यूएसबीएसटीओआर खाली पेनड्राइव्हची नोंद सापडली की लगेच वाक्य येतं, ‘आरोपीने डेटा कॉपी केला.’ नोंद एवढंच सांगते की ते उपकरण या मशीनला जोडलं होतं. पेनड्राइव्हवरची फाइल उघडली होती का, यासाठी एलएनके (शॉर्टकट) फाइल्स आणि जंप लिस्ट (अलीकडे उघडलेल्या फाइल्सची यादी) बघा, आणि तरीही ‘कॉपी’ हा शब्द जपून वापरा. ‘आरोपीने’ हा तर त्याहून जपून, कारण मशीनसमोर कोण बसलं होतं ते रजिस्ट्रीला माहीत नसतं.

तसंच विंडोजच्या लॉगमधल्या इव्हेंट ४६२४ चं, म्हणजे यशस्वी लॉगिनच्या नोंदीचं. शेकडो यशस्वी लॉगिन बघून ‘हल्लेखोर शेकडो वेळा आत आला’ असं लिहू नका. लॉगिनचा प्रकार बघा: ५ म्हणजे सर्व्हिस, ७ म्हणजे अनलॉक, ३ म्हणजे नेटवर्कवरून, १० म्हणजे रिमोट डेस्कटॉप. बहुतेक नोंदी विंडोजच्या स्वतःच्या घरकामाच्या असतात.

मोबाइलचा एसक्यूलाइट डेटाबेस उघडतानाही सावध. सोबतची डब्ल्यूएएल फाइल (ताजे बदल आधी हिच्यात लिहिले जातात) मागे ठेवून नुसती डीबी फाइल उचलली तर ताजे मेसेज हरवतात. दोन्ही उचलून लिहिण्याची मुभा असलेल्या व्ह्यूअरमध्ये उघडल्या तर बंद करताना डब्ल्यूएएल मुख्य फाइलमध्ये मिसळून नाहीशी होते. दोन्ही घ्या, आणि प्रतीवरच उघडा.

घटना घडली की आधी साफसफाई

समजा एखाद्या पतसंस्थेच्या सर्व्हरवर रॅन्समवेअर (फाइल्स कुलुपात टाकून खंडणी मागणारा प्रोग्राम) आलं. इन्सिडेंट रिस्पॉन्सच्या (हल्ला झाल्यावर काय करायचं त्याच्या) परीक्षेत बहुतेक जण लिहितात: मशीन बंद करा, फॉरमॅट करा, बॅकअप चढवा. बंद केलं की रॅम गेली. चालू प्रोसेस, उघडी कनेक्शन्स, कधी कधी एन्क्रिप्शनची किल्लीसुद्धा तिथेच असते. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की शोधत फिरावं लागेल. आधी नेटवर्कची वायर काढा, वीज राहू द्या, रॅमची प्रत घ्या, मग डिस्क. रॅम घेणारं टूल स्वतःही रॅममध्ये खुणा सोडतं. टूलचं नाव, आवृत्ती आणि वेळ लिहून ठेवा. मात्र फाइल्स डोळ्यांदेखत एन्क्रिप्ट होत असतील तर वीज तोडण्याचा निर्णय घ्यावा लागतो. तो का घेतला, हे लिहिलेलं असलं पाहिजे.

सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं असतं आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. केस स्टडी लिहिताना ही दोन कलमं गाळली जातात, कारण नोट्स परदेशी असतात.

जुना कायदा पाठ करणे

सीनियरच्या झेरॉक्समध्ये अजून जुन्या पुरावा कायद्याचं ‘कलम ६५ब’ आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला. इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी आता कलम ६३ बघा. प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक उपकरण ज्याच्या ताब्यात त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश लिहायचा असतो. ६५ब वरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा अर्जुन खोतकर निकाल मात्र वाचाच. जालन्याच्या निवडणुकीचा वाद, म्हणजे उदाहरण घरचंच.

गावातले फोन

गणपतीला घरी गेलात की कोणीतरी फोन पुढे करणारच: "बाबू, डिलीट झालेला परत गावतला काय रे?" दुसऱ्याच्या फोनवर प्रयोग करू नका. मालकाच्या संमतीशिवाय तर नाहीच. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ४३ आणि ६६ विद्यार्थी म्हणून सूट देत नाहीत. ‘लाइट बिल’ नावाची एपीके फाइल (अँड्रॉइड ॲप बसवणारी फाइल) उघडून कुणाच्या खात्यातून पैसे गेले असतील, तर तुमच्या टूलची नाही, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरची गरज आहे. तो आधी लावायला सांगा आणि मग बँकेला कळवा. एपीकेचा मेसेज जागेवर राहू द्या. मोबाइल दुकानात नेऊन फॅक्टरी रीसेट मारू नका, आजच्या अँड्रॉइडमध्ये त्यानंतर डेटा उलगडायच्या किल्ल्याच पुसल्या जातात.

हात साफ करायला अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी प्रमाणन संस्थेच्या सीएफआरईडीएस संग्रहात फुकट डिस्क इमेज आहेत. तिथली ‘हॅकिंग केस’ सगळ्यांनी सोडवलेली असते आणि उत्तरं यूट्यूबवर पडलेली असतात. म्हणून प्रत्येक उत्तर दोन वेगळ्या टूल्सनी काढा आणि शेवटचं एखादं तरी हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) बाइट मोजून. दोन टूल्सची उत्तरं जुळली नाहीत, की त्या दिवशी टूल बाजूला ठेवून फाइल फॉरमॅट वाचायला बसा.