अश्रुधुरात सापडलात तर काय करावे

मोर्चात असा किंवा नुसते बाजाराला म्हणून साताऱ्यातल्या पोवई नाक्यावर आलेले असा, पोलिसांनी अश्रुधुराच्या नळकांड्या फोडल्या की पहिले काम एकच: तिथून बाहेर पडा. डोळे धुणे वगैरे नंतर.

धूर जिकडे चाललाय तिकडे पळू नका. आडव्या बाजूने निसटा आणि वारा जिकडून येतोय तिकडे, शक्यतो चढावर जा. अश्रुधुरात बहुधा सीएस नावाच्या रसायनाची बारीक पूड असते. ती सखल जागी साचते, म्हणून नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये, म्हणजे रस्त्याखालच्या भुयारी मार्गात, अजिबात उतरू नका. धूर शिरलेल्या दुकानात शटर ओढून बसणे तर सगळ्यात घातक. लहान मुलाला कडेवर घ्या, खाली धूर दाट असतो. पडलेली नळकांडी उचलू नका, ती तापलेली असते. जवळून डोक्याला किंवा डोळ्याला बसलेल्या नळकांडीने माणसे दगावली आहेत, आंधळी झाली आहेत. अशा जखमीला थेट दवाखान्यात न्या.

मोकळ्या हवेत आलात की डोळे चोळू नका. चोळले की पूड आणखी आत जाते. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर हात धुऊन लगेच काढा. मग मान एका बाजूला कलती करून साध्या स्वच्छ पाण्याची धार १० ते १५ मिनिटे धरा. धार नाकाकडून कानाकडे वाहू द्या, म्हणजे घाण दुसऱ्या डोळ्यात जात नाही. दूध, लिंबू, टूथपेस्ट काही लावू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. तेलकट मलमही नको.

अंगातला टी-शर्ट डोक्यावरून ओढू नका, कात्रीने कापा. कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि अंग साबणाने धुवा.

जळजळ बहुतेकांची अर्ध्या-एक तासात उतरते. पण दमेकरी, गरोदर बाई, म्हातारी माणसे आणि तान्ही बाळे यांच्या बाबतीत वाट बघत बसू नका. दमेकऱ्याने पंप कायम खिशात ठेवावा. धाप, छातीत घरघर, धूसर दिसणे यातले काहीही दिसले तर १०८ ला फोन करा. फुप्फुसात पाणी होण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो, त्यामुळे त्या रात्री रुग्णाला एकटे झोपवू नका.

जिल्हा रुग्णालयात गेलात तर दारातच सांगा की अश्रुधूर लागलाय, म्हणजे कपडे बाहेरच उतरवून घेतील आणि आतल्या रुग्णांना बाधा होणार नाही.