प्रकल्पाच्या सत्राची तयारी: प्रत्येकाची वही वेगळी

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षाला प्रकल्पाधारित अध्ययन हा विषय आला, आणि पहिल्याच खेपेला माझ्याकडच्या गटांचे मूल्यमापन माझ्या हातून चुकले. नव्याने हा विषय घेणाऱ्यांनी निदान ती एक चूक करू नये.

गट पाच-सहा जणांचे करावेत. प्रयोगशाळेच्या वेळा, मल्टिमीटर, सोल्डरिंगचे सामान यांबद्दल वेगळे सांगायला नको. विषय मात्र आयता उचललेला नसावा. ज्या अडचणीचे मोजमाप विद्यार्थी स्वतः करू शकतील, तीच घ्यावी. वसतिगृहाची पाण्याची टाकी भरून वाहते, हा चांगला प्रश्न आहे, कारण ती रोज किती वेळ वाहते हे घड्याळ लावून पाहता येते, आणि पाण्याची पातळी कळावी म्हणून वापरलेला, ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा अल्ट्रासोनिक सेन्सर टेबलावर नीट चालला तरी टाकीतल्या ओलाव्यात चुकीचे अंतर दाखवू लागतो, हे तिथे बसवून पाहिल्यावरच उमगते.

आता नोंदवही. ती प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र हवी. मी गटामागे एकच ठेवली होती. तोंडी परीक्षेला पाच जण उभे होते आणि बोलत एकच होता. सर्किट जोडणारी व प्रोग्राम लिहिणारी मुलगी टोकाला गप्प उभी होती. तिला उशिरापर्यंत काम करताना मी पाहिले होते, पण बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे ठेवायला तिच्या हाताची एक ओळही माझ्याजवळ नव्हती. पाचही जणांना सारखे गुण गेले. डेन्मार्कचे ऑलबोर्ग विद्यापीठ १९७४ पासून, म्हणजे स्थापनेपासूनच, गटप्रकल्पांवर चालते. तिथेही गुण ज्याचे त्याला दिले जातात.

म्हणून पुन्हा सांगतो: स्वतंत्र वही, पहिल्या आठवड्यापासून. तीत तारीख, स्वतः केलेले काम आणि फसलेला प्रयत्न असावा, आणि मार्गदर्शकाची सही त्याच आठवड्यात व्हावी. सत्र संपताना एका बैठकीत भरलेली वही स्वीकारू नये, कितीही विनवण्या झाल्या तरी.

खर्चाची मर्यादा आधी ठरवावी, सेन्सर दोन जास्तीचे आणावेत. मध्यावर एक आढावा घ्यावा. अहवाल, सादरीकरण नेहमीप्रमाणे. तोंडी परीक्षेच्या टेबलावर सगळ्या वह्या आधी मांडाव्यात आणि प्रत्येकाला त्याच्याच वहीतला प्रश्न विचारावा.