इंडिकाच्या पंपातून डिझेल गळतंय? आधी उगम शोधा, मग पाना हातात घ्या

माझी टाटा इंडिका २००४ ची. १४०५ सीसीचं जुनं डिझेल इंजिन आणि त्याला डिझेल दाबाने पुरवणारा बॉशचा व्हीई रोटरी पंप. गेल्या पावसाळ्यात अंगणातल्या फरशीवर तळहाताएवढा डाग पडायला लागला. सकाळी चांगला दहा सेकंद सेल मारल्याशिवाय गाडी उठेना. एका मेकॅनिकने बॉनेट उघडलं, ओला पंप बघितला आणि लगेच म्हणाला, "पंप उतरवून कॅलिब्रेशनला (तपासून सेटिंग करायला) पाठवू." मी पाठवला नाही. शेवटी बिघाड निघाला तो रेसच्या लिव्हरखालच्या एवढ्याशा ओ-रिंगचा, म्हणजे गळती रोखणाऱ्या रबरी कडीचा.

डिझेल पाझरतं, पसरतं आणि भलतीकडेच टपकतं. त्यामुळे सगळ्यात खालचा थेंब बघून काही ठरवू नका. इंजिन थंड असताना पंप ब्रशने आणि थोड्या रॉकेलने धुवा, हवा मारून खडखडीत कोरडा करा. मग त्यावर टाल्कम पावडर भुरभुरा आणि गाडी पाच मिनिटं आयडलला ठेवा. पांढऱ्या पावडरीत जिथे पहिली करडी रेघ उमटते, तिथेच गळती. माझ्याकडे ती लिव्हरच्या दांड्याच्या मुळाशी उमटली, केसाएवढी बारीक. लिव्हर बोटाने हलवला की तिथे ओल फुगून वर यायची. चालू गाडीत पंपाच्या आत दाब असतो म्हणून डिझेल बाहेर येतं. बंद गाडीत त्याच फटीतून हवा आत शिरते आणि डिझेल टाकीकडे उतरतं. सकाळच्या त्रासाचं कारण हेच.

रेघ बॅंजो बोल्टपाशी (डिझेलचा पाइप पंपाला जोडणारा पोकळ बोल्ट) असेल तर काम सोपं आहे. तांब्याचे दोन्ही वॉशर नवे घाला. पण रिटर्नच्या, म्हणजे जास्तीचं डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या बोल्टवर 'आउट' कोरलेलं असतं आणि त्याला मुद्दाम बारीक भोक ठेवलेलं असतं. तो इनलेटच्या (डिझेल आत येण्याच्या) बोल्टशी अदलाबदल होऊ देऊ नका, नाहीतर पंपाच्या आतला दाबच बिघडतो.

वरच्या झाकणाचं पॅकिंग किंवा लिव्हरची ओ-रिंग गेली असेल तर बॅटरीची वायर काढा, खाली ट्रे ठेवा, अल्टरनेटर आणि टायमिंग बेल्टवर प्लास्टिक बांधा. आता सगळ्यात महत्त्वाचं: लिव्हर काढण्याआधी लिव्हर आणि दांडा या दोन्हींवरून जाणारी एक रेघ टोकदार खिळ्याने ओढून ठेवा. दांड्याला बारीक दाते असतात. एक दाता जरी सरकला तरी आयडल आणि रेस दोन्ही बिघडतात. मी मोबाइलवर चार बाजूंनी फोटोही काढले होते. पंपावरच्या सील केलेल्या सेटिंगच्या स्क्रूला हात लावू नका.

झाकणाचे चार बोल्ट काढा, पण झाकण उचलायची घाई नको. दांड्याच्या खालच्या टोकाला गव्हर्नरची (इंजिनाचा वेग आवरणाऱ्या भागाची) स्प्रिंग अडकवलेली असते. झाकण थोडं उचलून तिरकं करा, आत बघून स्प्रिंग हळूच सोडवा. बसवताना ती परत अडकवायची राहिली तर गाडी रेस घेणार नाही. दांडा खाली ढकलून काढा, जुनी ओ-रिंग लाकडी टूथपिकने उचला. स्क्रूड्रायव्हरने खाच ओरबाडली तर नवी रिंगही गळणार. माझी जुनी रिंग बाहेर आली ती चपटी झालेली, आणि वाकवताच तुटली. नवी व्हायटनची (डिझेलला टिकणाऱ्या रबराची) घ्या, डिझेल लावून बसवा. पॅकिंगला सिलिकॉन मुळीच लावू नका, त्याचा कण आत गेला तर पंप कायमचा खराब होईल. बोल्ट आलटूनपालटून, बेताने आवळा.

एअर काढायला फिल्टरवरचा हँड पंप कडक होईपर्यंत मारा. तरी गाडी उठली नाही तर पंपातून इंजिनाकडे जाणाऱ्या नोझल पाइपांचे नट एकेक फेरा सैल करून सेल मारा, डिझेल आलं की आवळा. तेव्हा फवाऱ्यासमोर बोट किंवा डोळा नेऊ नका. त्या दाबाने डिझेल कातडी भेदून आत जातं, आणि तसं झालं तर दुखत नसलं तरी तडक दवाखाना गाठा.

दोन गळत्या मात्र घरी करू नयेत, असं माझं ठाम मत आहे. एक, नोझल पाइप जिथून निघतात त्या पंपाच्या हेडच्या सांध्यातली. हेड सुटलं की आतल्या स्प्रिंगा आणि शिम (मापाच्या पातळ चकत्या) जागा सोडतात. दुसरी, पुढच्या ऑइल सीलची. तिथलं डिझेल टायमिंग बेल्टवर जातं, बेल्ट फुगतो आणि तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. ही गळती दिसली तर गाडी चालवू नका, टो करून पंपवाल्याकडे न्या आणि भिजलेला बेल्टही बदला.

माझं काम दुपारी अडीचला संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीवर वर्तमानपत्र पसरलेलं होतं, ते कोरडं निघालं, आणि गाडी पहिल्या सेललाच उठली.