अनुराधापूर: पवित्र नगरीशेजारचं गाव आखायला शिकताना

प्लॅनिंगची पदवी नुकतीच हातात आलेली किंवा आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलं मला एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात: वारसा असलेल्या शहरांवर काम करायचंय, सुरुवात कुठून करू? हंपी, बोधगया, अजिंठा ही नावं त्यांच्या तोंडी तयार असतात. मी त्यांना श्रीलंकेतल्या अनुराधापूरला जा म्हणते. प्रबंधाच्या निमित्तानं मी तिथं राहिले, पुढेही जात राहिले, तेव्हा माझं माप थोडं झुकतं आहे हे मान्य. पण कारणही आहे. जुनी पवित्र नगरी एकीकडे आणि नांदतं गाव दुसरीकडे, अशी सरळ वाटणी करण्याचा प्रयोग तिथं सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी झाला. त्याचं बरंवाईट आज पायी फिरून बघता येतं.

थोडा इतिहास माहीत असल्याशिवाय तिथला नकाशा कळत नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकापासून अकराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ही सिंहली राजांची राजधानी होती. अशोकाची मुलगी संघमित्ता हिनं आणलेली बोधिवृक्षाची फांदी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इथं लावली गेली, तोच श्री महाबोधी. चोळांच्या स्वारीनंतर राजधानी पोलोन्नरुवाला गेली आणि इथं रान माजलं. यात्रेकरू मात्र रानातूनही येत राहिले. १८७३ मध्ये इंग्रजांनी उत्तर-मध्य प्रांत नव्यानं काढला आणि त्याचं ठाणं नेमकं इथंच वसवलं. कच्चेरी म्हणजे सरकारी कचेरी आली, बाजार आला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आगगाडी आली, आणि हे सगळं स्तूपांच्या अंगणात. मांसाची आणि दारूची दुकानं बोधिवृक्षाच्या इतक्या जवळ कशी, यावरून बौद्ध पुनरुज्जीवनाचे नेते अनागारिक धर्मपाल यांचे सहकारी वलिसिंह हरिश्चंद्र यांनी चळवळ उभी केली. १९०३ च्या जूनमध्ये यात्रेच्या दिवसांत दंगलही झाली. पुढचं सगळं नगरनियोजन या रागातून आलेलं आहे, हे विद्यार्थ्यांनी सुरुवातीलाच लक्षात घ्यावं. नियोजनाच्या वर्गात आपण लोकसंख्या आणि रस्त्यांपासून सुरुवात करतो. इथं सुरुवात भावनेपासून झाली होती.

१९४२ मध्ये अनुराधापूर जतन मंडळाचा कायदा झाला. ऑलिव्हर वीरसिंघे या सरकारी नगररचनाकारानं आराखडा केला आणि मलवतु ओया नदीच्या पूर्वेला, नुवर वेवा या तलावाच्या बाजूनं नवं गाव उभं राहू लागलं. कचेऱ्या, बाजार, घरं हळूहळू तिकडे हलली. हे काम एका झटक्यात झालेलं नाही, वर्षानुवर्षं चाललं.

हा आराखडा मला आवडतो आणि खुपतोही. आवडतो अशासाठी, की रुवनवेलीसाय या मोठ्या स्तूपापासून श्री महाबोधीकडे चालत जाताना आजूबाजूला झाडं आणि आकाश दिसतं, हॉटेलांच्या गच्च्या दिसत नाहीत. भारतातल्या किती तीर्थांबद्दल असं म्हणता येईल? खुपतो अशासाठी, की यात्रेकरूला भूक लागते, तहान लागते, पाय दुखतात, मूल रडतं, हे नगरी आणि गाव वेगळं करणाऱ्या त्या रेषेनं गृहीतच धरलं नाही. बाजार नदीपलीकडे गेला, पण गरज अलीकडेच राहिली. मग कमळाची फुलं, उदबत्त्या, चहा, शहाळी विकणारे परत आले, आणि तेव्हापासून आलेली प्रत्येक नवी योजना त्यांना कुठंतरी हलवू बघते. तुम्ही तिथं गेलात तर आधी याच लोकांशी बोला. कोणत्या वाटेनं किती वाजता किती माणूस जातो, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

आता पोसोनबद्दल, कारण खरं शिक्षण तिथंच होतं. जूनमधल्या पौर्णिमेला पोसोन म्हणतात. संघमित्तेचे भाऊ, भिक्खू महेंद्र थेर, बौद्ध धर्म घेऊन लंकेत आले तो हा दिवस, आणि ते जिथं उतरले ते मिहिंतले अनुराधापूरपासून जेमतेम तेरा किलोमीटरवर. देशभरातून पांढरे कपडे घातलेली माणसं बसनं, खास गाड्यांनी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून येतात. कितीतरी जण अष्टशील, म्हणजे दिवसभरासाठी आठ नियमांचं व्रत, घेऊन रात्र झाडाखालीच काढतात. रस्त्याकडेला दानसल लागतात, म्हणजे फुकट जेवणाचे मांडव: भात, परिप्पू म्हणजे डाळ, सरबत, कधी आइस्क्रीमसुद्धा. या मांडवांना आरोग्य निरीक्षकांकडे नोंद करावी लागते. प्लॅनरच्या नजरेनं बघा: वर्षातले थोडेच दिवस लाखोंचं गाव, उरलेले दिवस जवळजवळ रिकामं उद्यान. संडास कोणत्या आकड्यासाठी बांधायचे? पार्किंग कायमचं करायचं की मैदान मोकळं ठेवायचं? नळ जमिनीत पुरायचे, तर खाली काय सापडेल? वर्गात मी शिकलेला कोणताही निकष इथं नीट बसला नाही. माझ्या वहीतलं सगळ्यात उपयोगी पान म्हणजे सावलीची नोंद होती: सकाळी, दुपारी, संध्याकाळी कोणत्या झाडाखाली माणसं बसतात. सर्वेक्षणाच्या तक्त्यात सावलीसाठी रकाना नसतो. तो तुम्ही घाला.

(एक वेगळी गोष्ट. तिथं दर पौर्णिमेला सरकारी सुट्टी असते. अधिकाऱ्यांच्या भेटी ठरवताना पंचांग जवळ ठेवा.)

कायद्याची बाजू कोरडी वाटते, पण नोकरीत तीच कामी येते. १९४० च्या पुरावस्तू कायद्याखालच्या नियमांनुसार स्मारकाच्या हद्दीपासून चारशे यार्डांच्या आत बांधकामाला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. चारशे यार्ड म्हणजे साधारण ३६५ मीटर. ज्या शहरात स्तूप, विहार, पुष्करणी, खांबांची जोती चाळीसेक चौरस किलोमीटरवर विखुरलेली आहेत, तिथं प्रत्येकाभोवती असं वर्तुळ काढून बघा. मी जीआयएसवर, म्हणजे संगणकी नकाशावर, काढली, तर वर्तुळं एकमेकांवर चढली आणि मोकळी जागा चिंध्यांसारखी उरली. शब्दशः नियम लावला तर आपल्या घराला माळा चढवतानाही माणसाला अर्ज करावा लागणार. त्यात शहर विकास प्राधिकरणाचा १९७८ चा कायदा वेगळा, १९८० नंतरचा मध्यवर्ती सांस्कृतिक निधी वेगळा, १९८२ पासूनचा युनेस्कोचा दर्जा वेगळा, नगरपालिका वेगळी, आणि या सगळ्यांच्या वर, कागदावर नसला तरी, आठ पवित्र स्थानांच्या प्रमुख भिक्खूंचा शब्द. कोणता निर्णय कुणाच्या टेबलावर अडतो, याचा तक्ता करायला वेळ द्या. देखणा मास्टर प्लॅन करणारे पुष्कळ मिळतात. हा तक्ता अचूक करणारा मिळत नाही, म्हणून त्याला काम मिळतं.

पाण्याबद्दल थोडंच सांगते. हा कोरडा प्रदेश आहे. मुख्य पाऊस ऑक्टोबर ते जानेवारीत, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. बसवक्कुलम, तिस्सा वेवा, नुवर वेवा हे तलाव प्राचीन आहेत, आणि कला वेवापासून तिस्सा वेवापर्यंत पाणी आणणारा ८७ किलोमीटरचा कालवा पंधराशे वर्षांपूर्वीचा. त्याच्या सुरुवातीच्या टप्प्यात उतार किलोमीटरला सुमारे दहा सेंटिमीटर. आजच्या लेव्हलिंग यंत्रानंही हा उतार राखताना घाम फुटतो. तेव्हा वारसा म्हणजे स्तूप आणि पाणी म्हणजे पायाभूत सुविधा अशी दोन प्रकरणं करू नका. इथं पाणी हाच वारसा आहे आणि तो अजून चालू आहे. तलावाकाठी ‘वॉटरफ्रंट’ रंगवण्याआधी खालच्या शेतात कोण भात पेरतं ते विचारा.

एक अवघड विषय. पवित्र क्षेत्राची रेषा आखली की ती फक्त इमारती बाजूला काढत नाही, माणसंही काढते. जुन्या बाजारात मुस्लिम, तमिळ, सिंहली सगळेच होते. २०११ च्या सप्टेंबरमध्ये इथला एक छोटा दर्गा जमावानं पाडला, आणि त्या जमावात भिक्खूही होते. दुसऱ्या बाजूला १९८५ च्या मे महिन्यात एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेनं श्री महाबोधीपाशी आणि गावात शंभरावर निरपराध माणसं मारली, हेही तिथल्या माणसाच्या मनात ताजं आहे. आजचे कठडे आणि तपासणी नाकी नुसती नियोजनाची गोष्ट नाहीत. बाहेरून आलेल्यानं यावर पटकन मत देऊ नये, पण अहवालातून हे गाळूही नये. माझ्या एका मसुद्यावर वरिष्ठांचा शेरा आला होता, ‘सामाजिक भाग कमी करा.’ मी तो परिशिष्टात नेला, कमी केला नाही.

आता रोजगाराचं. एम.प्लॅनला, म्हणजे नियोजनाच्या पदव्युत्तर पदवीला, बऱ्याच ठिकाणी गेट या प्रवेश परीक्षेचा आर्किटेक्चर आणि प्लॅनिंगचा पेपर लागतो. दिल्ली आणि भोपाळचं एसपीए, अहमदाबादचं सेप्ट, पुण्याचं सीओईपी हे नेहमीचे रस्ते आहेत. श्रीलंकेत मोरटुवा विद्यापीठाचा नगररचना विभाग आणि केलनिया विद्यापीठाची पुरातत्त्वाची पदव्युत्तर संस्था, या दोन ठिकाणी प्राध्यापकांना आधी पत्र लिहून जा. स्थानिक विद्यार्थ्याची सोबत मिळाली तर भाषेचा निम्मा प्रश्न सुटतो. तिथं परदेशी माणसाला पगारी नोकरी मिळणं कठीण. काम येतं ते परदेशी कर्जावरच्या प्रकल्पांतून, आणि ते बेभरवशाचं. अनुराधापूरच्या एकात्मिक शहर विकास प्रकल्पाला फ्रान्सच्या विकास संस्थेचं कर्ज होतं, पण २०२२ च्या एप्रिलमध्ये देशानं परकीय कर्जफेड थांबवली आणि अशा कितीतरी कामांना खीळ बसली. सल्लागार कंपनीत जाणार असाल तर हे गणित समजून जा.

हे सगळं शिकून महाराष्ट्रात काय करायचं, असं नागपूरच्या एका मुलानं मला विचारलं. त्याच्या गावातच उत्तर होतं. दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष अनुराधापूरच्या फांद्यांपासून वाढवलेला, भदंत आनंद कौसल्यायन यांनी आणलेल्या. तिथंही दोन दिवसांत लाखो माणसं येतात आणि रस्त्यावर भोजनदान चालतं. २०२४ च्या जुलैमध्ये तिथल्या भूमिगत पार्किंगचं काम लोकांनी बंद पाडलं. खोदाईनं स्तूपाला धोका होईल ही भीती होती, आणि सरकारला स्थगिती द्यावी लागली. पार्किंगची गरज खोटी नव्हती. पण गरज कुणी मोजली, आणि खड्डा खणण्याआधी कुणाला विचारलं? दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विदर्भातल्या एखाद्या प्लॅनिंग कॉलेजनं गर्दीची, सावलीची, पाण्याची नोंद केली, तर दहा वर्षांत असा दस्तऐवज तयार होईल की पुढच्या आराखड्याला तो बाजूला सारता येणार नाही. तो मुलगा यंदा नोंदवही घेऊन उतरणार आहे म्हणतो.

अनुराधापूरला जाणाऱ्यांसाठी शेवटचं: कोलंबो फोर्ट स्टेशनवरून उत्तरेची गाडी धरा. गावात दोन स्टेशनं आहेत, राहायची जागा कोणत्या बाजूला आहे ते आधी बघा. पांढरे किंवा फिके, गुडघे-खांदे झाकणारे कपडे न्या. आवारात चपला आणि टोपी काढावी लागते आणि दुपारी फरशी भाजते, म्हणून मोजे ठेवा. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, तिथं ते खपवून घेत नाहीत. आणि पोसोन बघायचाच असेल तर खोली फार आधी ठरवा, नाहीतर चटई न्या आणि बाकीच्यांसारखे झाडाखाली झोपा.