शब्द शेपटाकडून सोडवा

मराठी माध्यमातून नर्सिंगला आलेल्या माझ्या विद्यार्थिनी ‘कोलेसिस्टेक्टॉमी’पाशी हमखास अडखळतात. मी त्यांना शेपटाकडून सुरुवात करायला लावते. आधी ‘एक्टॉमी’, म्हणजे कापून काढणं. मग ‘सिस्ट’, पिशवी. शेवटी ‘कोले’, पित्त. झालं, पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया! म्हणताना मात्र तोड बदलते: को-ले-सिस्-टेक्-ट-मी. जोर ‘टेक्’वर. टाळ्या वाजवत पाच वेळा म्हणा, मग सलग. इंग्रजी स्पेलिंगमधल्या सुरुवातीच्या ‘सीएच’चा उच्चार ‘क’, कारण शब्दाचं मूळ ग्रीक.

‘हायपो’ आणि ‘हायपर’मध्ये घाई नकोच. ‘हायपोग्लायसेमिया’त रक्तातली साखर घटते, ‘हायपरग्लायसेमिया’त वाढते. फोनवर सांगताना मी ‘हायपो’च्या शब्दापुढे ‘साखर कमी’ असं मराठीत जोडतेच; एक अक्षर निसटलं तर उपचार उलटा होईल.